तुमच्या हाताचा वेग

आबा, आज कारखान्यात छताला कॅमेरे बसवले. मोल्डरने वाळूत हात घातल्यापासून साचा बंद होईपर्यंतचा एकेक सेकंद आता कॅमेरा मोजणार, आणि उशीर झाला की माझ्या टेबलावरच्या पडद्यावर त्या माणसाची चौकट लाल होणार. पुण्याहून आलेला सल्लागार याला काहीतरी नवं नाव देत होता. मी मान डोलावत होते आणि मनात शिव्या घालत होते. नवं काय आहे त्यात? शंभर वर्षांपूर्वीची युक्ती ही: चांगल्या कामगाराजवळ घड्याळ घेऊन उभं राहायचं, त्याच्या कामाचे तुकडे पाडायचे आणि त्याच मापाने सगळ्यांना जुंपायचं. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजी डोकं हापिसात आणि हात हितं, व्हय?" मला हसू आलं होतं.

मग तुमच्याच फाउंड्रीत मला नोकरी लागली आणि पहिलंच काम मिळालं ते तुमच्या खात्याच्या टाइम स्टडीचं. घड्याळवाला समोर आला की मुद्दाम सावकाश करायचं, म्हणजे टार्गेट कमी लागतं, हे तिथे काल लागलेल्या माणसालाही कळतं. सगळे तसंच करत होते. मी तुमच्यापाशी आले, तर तुम्ही बाह्या वर सारून म्हणालात, "लाव घड्याळ." आणि सुटलात. वाळू भरताय, ठोकताय, घाम डोळ्यांत जातोय तरी पुसत नाही, मधेच माझ्याकडे बघून हसताय. मॅनेजर माझ्या मागे उभा. लेकीसमोर हात आखडता घेणं तुम्हाला जमलं नाही. किती मूर्खपणा केलात, आबा!

पुढच्या महिन्यात तुमचा वेग सगळ्यांचं टार्गेट झाला. तुमचा इतक्या वर्षांचा जोडीदार घरी येऊन उभ्या उभ्या म्हणाला, "पोरीच्या कवतिकापायी आमच्या कंबरा मोडताय व्हय? तुमी दोन वर्सांत सुटशीला की. आमी काय करायचं?" त्यानंतर दुपारी तुमच्या डब्याभोवती कुणी बसलं नाही. सगळ्यांसाठी म्हणून आई दोन भाकरी जास्त द्यायची, त्या तशाच परत यायच्या. आईने एकदा विचारलं, मग कमी थापायला लागली. तुम्ही गेलात तेव्हाही खात्यातले दोघंच आले.

मला तुम्ही शब्दाने बोलला नाहीत. "माझंच चुकलं, जरा दमानं घ्याय पायजे हुतं," एवढंच म्हणायचात, आणि मी ते ऐकून घ्यायचे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. टाइम स्टडीच्या फॉर्मवर वेगाचा एक रकाना असतो. माणूस नेहमीपेक्षा भरभर काम करत असेल तर तिथे तसं नोंदवायचं, म्हणजे टार्गेट ठरवताना वेळ वाढवून धरतात. तुम्ही जीव तोडून करताय हे मला दिसत होतं. तुमचा नेहमीचा हात मला डबा पोचवायला यायचे तेव्हापासून माहीत होता. पण मॅनेजर मागून "वा!" म्हणाला, आणि त्या रकान्यात मी 'नेहमीचा वेग' असं लिहिलं.