राजीखुशीचा कागद

माय, तू जाऊन चाळीस वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसलो, कारण इथे कोणाला सांगायची हिंमत होत नाही. शेजारच्या घरची सून भंडाऱ्याच्या जेलात आहे. नवऱ्यानं गळा दाबला, तिच्या हाती विळा आला, त्या घावानं तो मेला. ती मार खायची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही. मी तंटामुक्ती समितीत होतो. तीनदा ती माहेरी पळाली, तीनदा आम्ही समजूत घालून परत आणली. समजुतीचा कागद मीच लिहायचो. शिकलो चौथीपर्यंत, पण अक्षर चांगलं. शेवटची ओळ ठरलेली: तक्रार नाही, राजीखुशीनं नांदायला जाते. त्या ओळीशिवाय कागद पुरा झाला असं आम्हाला वाटतच नसे. आता सरकारी वकील तोच कागद पुढे करून विचारतो, मार होता तर राजीखुशी कशी?

तिची वकीलबाई म्हणते, बाबा, ती ओळ कोणाची हे तुम्हीच कोर्टात सांगा. सोमवारी साक्ष आहे. पिशवी दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. परवा तिच्या आईसोबत भेटीला गेलो. जाळीपलीकडून ती म्हणाली, "काकाजी, तवा तुमाले बसची घाई होती. आता मी कुठी नाही जात. वाचून दाखवा तो कागद."

खरं आहे. त्या दिवशी कागद दुमडून, सहीपुरती जागा उघडी ठेवून मी तिच्यापुढे धरला होता. वाचून तर दाखवा, म्हणाली. बस निघून जाईल, म्हणालो.

तुझा हात बाबांनी मोडला तेव्हाही पंच आले होते. मला दिसतं, तू एका हातानं चहा करते आहेस, मी कपबशा विसळतो आहे. ते गेल्यावर तू म्हणालीस, "साखर बराबर झाली मनून सांगून गेले. हात कायनं मोडला, कोणी नाही पुसलं." मी हसलो. तू माझ्या हातातली कपबशी काढून घेतलीस. एवढं पाहूनही मी पंच झालो आणि लोकांच्या घरी चहा पीत बसलो.

वकीलबाईनं विचारलं होतं, सहीआधी तिला वाचून दाखवलं का. मी हो म्हणालो. ते खोटं आहे, माय. बाईला अजून सांगितलं नाही. आधी तुला सांगून पाहिलं.