अळणी प्रत

४ फेब्रु., रवि.
सकाळी इंदूरहून फोन. गायिका मालतीबाईंची मुलगी, अनघा. बाई जाऊन तीन वर्षं झाली. म्हणे, "काका, आई कुणाला रेकॉर्डिंग करू देत नसे. घरात तिचं गाणंच नाही. तुमच्याकडे आहे म्हणे?" आहे, म्हटलं. चाळीस वर्षांपूर्वीची खाजगी बैठक. टेपरेकॉर्डर पिशवीत, वर मेथीची जुडी. त्या चोरीचा आज पहिल्यांदा अभिमान वाटला. पुढच्या रविवारी येते आहे.

५ फेब्रु.
कॅसेटी काढल्या. काय दिवस! कानपूर, नागपूर, कुठून कुठून पार्सलं यायची. एक द्या, एक घ्या. दोन डेक वायरीने जोडायचे, तासाच्या गाण्याला तासच लागायचा, तोवर घरात मिक्सर बंद. सुमन अजून म्हणते, "तुमच्या या सवतींनी कपाट खाल्लं माझं."
मालतीबाईंच्या कॅसेटला पांढरी बुरशी. 

६ फेब्रु.
हजीरा भागातल्या मेकॅनिककडे गेलो. टेपचा थरच सुटून आला. "अंकल, इसमें अब कुछ नहीं बचा." तिथेच स्टुलावर बसून रडलो. लाज वाटली नाही.
बापूकडे प्रत आहे. मीच दिलेली. पण...

७ फेब्रु.
लिहूनच टाकतो. बापूची प्रत अळणी आहे. आम्हा जमवणाऱ्यांची रीतच ती: दुर्मीळ गाणं दुसऱ्याला द्यायचं तर त्यातला सगळ्यात सुंदर तुकडा गाळून द्यायचा. अख्खं फक्त आपल्याकडे. बापू माझा सख्खा मित्र, त्यालाही तेच केलं.
गाळली ती शेवटची भैरवी. त्याआधी बाई म्हणाल्या होत्या, "घरी लेकीला निजवताना म्हणते, तीच चीज गाते." तेही गेलं.

८ फेब्रु.
मुरारला बापूच्या घरी गेलो. कॅसेट काढून ठेवली होती.
"घेऊन जा. पुरी नाही पण."
"तुला माहीत होतं?"
"अरे, बैठकीत तुझ्या बाजूलाच तर होतो मी! मी पण तुला अळणीच दिल्यात, बेट्या." खो खो हसला.
मला हसू येईना. भैरवीचे शब्द विचारले. त्याला आठवत नाहीत. मलाही नुसता मुखडा.

११ फेब्रु., रवि.
अनघा आली. आईचा आवाज लागला तशी पदर तोंडाशी धरून बसली, शेवटपर्यंत. ख्याल संपला, टाळ्या, पेटीचे दोन सूर, खट्.
"यानंतर काही गायली नाही का आई?"
"कॅसेट तिथेच संपली," म्हणालो.
सुमनने माझ्याकडे पाहिलं. अनघा वाकून पाया पडली. तो नमस्कार मी घेतला. काय माणूस आहे मी!

१२ फेब्रु.
ती दाल बाजारात मामांकडे उतरली आहे, संध्याकाळी गाडी. सुमन म्हणते, "सांगा ना, त्यात काय एवढं. आई काय बोलली ते तरी मिळेल तिला." मिळेल. आणि ते कुणी गाळलं, तेही.
मघाशी नंबर लावला, एक घंटी गेल्यावर कापला. लगेच तिचा मेसेज: "काका, काही काम होतं का?"
"नाही" एवढं टाइप केलंय. पाठवलेलं नाही.