झुंबराखाली निजायचं कुणी?

ती. सिंधुअक्कास,

धाकट्या सुदर्शनचा मुंबईहून दंडवत. दाजींचा गुडघा, तुझा दमा आणि किल्लारीचा वारा, तिघंही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. मी बरा हाय. (टीव्हीवर गाल वर आलेले दिसतात ते मेकपचे.) गुरुवारी आमच्या चॅनलच्या मालविका मॅडम तुला फोन करतील. आमच्या घरं नटवायच्या कार्यक्रमाच्या पुढच्या भागात तुझंच घर नटवायचं, निवेदकाची म्हणजे माझी सख्खी बहीण, डोळ्यांत पाणी, असा त्यांचा बेत आहे. तू हो म्हणालीस तर माझा करार वर्षभर वाढतो, न्हाई तर मी घरी. तेव्हा अक्का, हो म्हण.

आता लातूरचं सांगतो, कारण कुणीतरी तुझ्या कानावर घालणारच. केवळाबाई म्हणून एक मावशी आहेत, आपल्याच भागातल्या. भूकंपानंतर लातूरला आल्या, आता क्लासच्या पोरींना खोल्या भाड्यानं देतात. (लातुरात हल्ली दर दुसऱ्या घरात एक पोरगी डॉक्टर व्हायला राहिलीय.) त्यांची झोपायची खोली आम्ही नटवली. घरच्यांना दोन दिवस बाहेर काढायचं आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून आत आणायचं, हा आमचा रिवाज. पलंगाच्या बरोबर वर चाळीस काचांचं झुंबर मीच हौसेनं टांगलं. मी, किल्लारीचा! अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. पट्टी सुटली, मावशींनी वर पाहिलं आणि ढसाढसा रडल्या. मॅडम खूष. माझ्या कानाशी मात्र मावशी हळूच म्हणाल्या, "लेकरा, लई देखणं हाय. पण ह्याच्याखाली निजायचं कुणी?"

मी कॅमेऱ्याकडं बघून हसलो. पगार त्याचाच मिळतो.

संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो, तर नव्या खोलीला कुलूप आणि अंगणात सडा टाकून ओळीनं बाजा मांडलेल्या. मावशी, काका आणि पुटपुटत पाठांतर करणाऱ्या चार पोरी. एक बाज रिकामी होती. मावशी म्हणाल्या, टेक जरा. टेकलो. ओल्या मातीचा गारवा खालून येत होता, पोरींच्या तोंडची रसायनांची नावं अंगाईसारखी लांब लांब जात होती, आणि मी कुठल्या गावात, कुठल्या सालात आहे तेच कळेना. भूकंपानंतरची, पत्र्याच्या शेडसमोरची आपली बाजांची रांग हळूहळू तरंगत आली. बाबा, तू, मी. आई नव्हती. डोक्यावर काहीच नव्हतं, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की रडू आलं. मुंबईत मी चौदाव्या मजल्यावर डोकं बाल्कनीत अन् पाय घरात ठेवून झोपतो, हे अजून कुणाला बोललो नाही.

सकाळी 'नव्या खोलीतली पहिली पहाट' टिपायला युनिट आलं, तर अंगणात सात माणसं गाढ झोपलेली. सातवा निवेदक, तोंडावर कालचा मेकप. मॅडमनी तेही शूट केलं म्हणे. लोक हसतील, हसू देत.

तुझा,
सुदर्शन

ता. क. गुरुवारी फोन आला तर सरळ नाही म्हण. तुझ्या घरात मला काहीही टांगायचं नाही.

आणखी एक ता. क. मॅडम फार गोड बोलतात, तू विरघळशील. म्हणून त्यांना तुझा नंबर मी चुकीचाच दिलाय. शनिवारी लातूरला उतरून जीपनं येतो. किती दिवसांसाठी, ते दाजींना इतक्यात सांगू नको.