पांढऱ्या सांडणीबरोबर पाठवलेलं पत्र

बायरची विहीर,
रजबची अकरावी.

मुतैब दाजींना शलाशचा सलाम.

तुम्ही, अल्याताई आणि मुलं सुखरूप असाल अशी आशा करतो. इकडे हिवाळ्यात पाऊस बरा झाला होता, चारा अजून आहे. धाकटीचा खोकला गेला. आमच्या इंग्रज साहेबांनी आम्हा सरहद्दीच्या पहारेकऱ्यांना लाल पट्टे दिलेत. पट्टा बांधला की मी कोंबड्यासारखा दिसतो, असं बायकोचं म्हणणं आहे. लिहायलाही मी इथंच शिकलो, तेव्हा अक्षर वेडंवाकडं असेल, सांभाळून घ्या.

पत्र हझीम सुलुबीबरोबर पाठवतोय. भांडी सांधणाऱ्या माणसाला सरहद्दीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, कुणी हात लावत नाही. त्याच्यासोबत एक सांडणी आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असूनही लिहितोय. तुम्हाला हे पत्र तुमच्या वस्तीचे इमाम वाचून दाखवतील, भोवती माणसं बसलेली असतील. त्यांनाही सगळं कळायला हवं.

गेल्या हिवाळ्यात तुमच्याकडे पाऊस झाला नाही आणि आमच्याकडे झाला. तुम्ही निरोप पाठवलात, कळप इकडे चरायला आणू का? मी स्वतः आलो. ताईच्या तंबूत बसून तिच्या हातची भाकरी खाल्ली. माझ्या डोक्याच्या फडक्याची पट्टी फाडून पुढच्या उंटाच्या गळ्यात बांधली आणि म्हणालो, "माझं तोंड तुमच्या कळपावर, माझा शब्द त्याची राखण. कुणी शेपटीला जरी हात लावला तरी तो माझ्या दाढीला लावला." तुम्ही हसून म्हणालात, "मेहुण्याची दाढी अजून धड उगवलेली नाही, पण चालेल."

वीस दिवसांनी माझाच चुलतभाऊ जदूअ कळपावर तुटून पडला. माझी पट्टी त्याने पाहिली होती. उंट हाकून नेताना त्यानेच ती सोडून खिशात घातली. मी तेव्हा साहेबांबरोबर दूर होतो. धाडीत मी नव्हतो, हे खरं. पण एवढं एकच खरं सांगून मी सहा महिने काढले.

धाडीनंतर निवाड्यासाठी साहेबांचा तंबू लागला. एका बाजूला तुमच्या राजाचे वकील, दुसऱ्या बाजूला आमचे काका, मध्ये साहेब आणि त्यांची कागदांची पेटी. नियम सरळ होता: परवानगी न घेता सरहद्द ओलांडून चरायला आणलेले जनावर लुटले गेले, तर दावा नाही. तुम्ही म्हणालात, "मी चोरून आलो नव्हतो. शलाशचं तोंड माझ्या कळपावर होतं. तो दारात उभाच आहे, विचारा."

त्याआधी सकाळी काका माझ्याकडे आले होते. बाप गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं, हे तुम्ही जाणता. ते म्हणाले, "तू हो म्हणालास की जदूअ तुरुंगात. भिंतींच्या आत तो महिनाभर जगायचा नाही. आणि दाजीचं काय जातंय? उंटच ना? उंट येतात, जातात."

साहेबांनी विचारलं आणि मी म्हणालो, "नाही. मी काही शब्द दिला नव्हता."

तुम्ही आधी हसलात. तुम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणे मेहुणा थट्टा करतोय. "अरे शलाश, पुरे आता, साहेबांना खरं वाटेल," असं म्हणालात. मी तंबूच्या खुंटीकडे बघत राहिलो. मग तुमचं हसू हळूहळू गेलं. ते जाताना मी पाहिलं नाही, पण ऐकलं.

तुमचे वकील म्हणाले, याला शपथ घाला. वाळूत रिंगण आखलं, तलवार मागवली. मी रिंगणात गेलो असतो की नाही, देवालाच ठाऊक. खोट्या शपथेचं पाप आमच्यात सात पिढ्या भोगतात. तेवढ्यात तुम्ही उठलात. "नको. त्याला शपथ घालू नका. माझ्या मुलांचा मामा आहे तो. चूक माझी असेल, माझ्याच ऐकण्यात काही आलं असेल." आणि चपला घालून चालू लागलात.

दाजी, तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हझीमकडून कळत होतं. तुमच्याकडे आता कुणी तुमचा शब्द जामीन म्हणून धरत नाही. पंचायतीत तुम्ही बोलायला लागलात की पोरंटोरंसुद्धा म्हणतात, "शलाशला विचारा." आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे शब्द मोडला म्हणून विहिरीवर माझ्या नावाचं काळं फडकं उभारायचा हक्क तुम्हाला होता. सगळ्यांनी सांगूनही तुम्ही ते उभारलं नाहीत. ताईला माहेर उरणार नाही म्हणून.

आता ते लिहितो, जे लिहायचं नाही म्हणून मी हे पत्र तीनदा फाडलं.

धाडीतला वाटा माझ्या तंबूसमोर येऊन उभा राहिला होता. ताईने हाताने पाजून वाढवलेली पांढरी सांडणी. काकांनी पाठवली. मी परत पाठवली नाही. मुलं लहान आहेत, असं स्वतःला समजावलं. ती इथं व्याली, पण पान्हा सोडेना. बायकोने दोन दिवस प्रयत्न केला, थकली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या कानाशी गेलो आणि हाक घातली. आमची आई घालायची ती, ताई घालते ती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि भांडं भरून दूध दिलं. ताईचा आवाज चोरून मी तिच्याच जनावराची धार काढली, आणि ते दूध माझ्या मुलांनी सहा महिने प्यायलं.

या महिन्याच्या सुरुवातीला मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, मी खोटं बोललो होतो. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "शलाश, दोन्ही सरकारांच्या सह्या झाल्यात. कागद मिटला. आता तो उघडला तर आणखी चाळीस उघडावे लागतील. तू भला माणूस आहेस, जा." मला भला म्हणणारा जगात तो एकच उरला, आणि त्याला आमच्यातलं काही कळत नाही.

म्हणून काल विहिरीवर सगळे जमले असताना मी काठीला काळं फडकं बांधून मध्ये रोवलं आणि ओरडून सांगितलं, "हे शलाशचं! मुतैबच्या कळपावर याचं तोंड होतं. याने ते विकलं!"

काका म्हणाले, "गाढवा, ज्याच्यावर अन्याय झाला तो उभारतो हे. स्वतःचं स्वतः कोण उभारतं?"

मी म्हणालो, "ज्याच्यावर झाला त्याने माझी लाज राखली. मग कुणी उभारायचं?"

जदूअ खिशात हात घालून उभा होता. कॉफी फिरली, माझ्यापाशी आली तेव्हा किटली पुढे गेली. आता या वाळवंटात माझ्या शब्दावर कुणी बकरीसुद्धा सोडणार नाही, आणि मला तुमच्याकडे यायला कुणी सोबत देणार नाही. यायची हिंमतही नाही.

बाकीचे उंट काकांच्या कळपात आहेत. ते मला देत नाहीत. माझ्या हातात होती ती ही एक. तिचं पिल्लू इथंच झालं, तेही तुमचंच, सोबत पाठवतोय.

ताईला सांगा, रडू नकोस. रागाव. तिचा राग मला लहानपणापासून माहीत आहे, तो मला पेलेल. तिचं गप्प बसणं पेलणार नाही.

इमामसाहेब, पुढचं जरा मोठ्याने वाचा.

मुतैबने खोटं सांगितलं नाही. त्याच्या कळपावर माझं तोंड होतं. शब्द मी दिला, साहेबांच्या तंबूत मीच नाकारला. तुम्हाला वाटेल तिथं मला बोलवा, रिंगण आखा, मी आत उभा राहून हेच सांगेन.

तुमचा मेहुणा असं लिहायला हात धजत नाही. त्या दिवशी तुम्हाला हवा होता तोच लिहितो.

साक्षीदार,
शलाश बिन नायिफ