दृढीकरणाचं योग्य वय

२ नोव्हेंबर, रविवार
बिशप २३ तारखेला येणार. पांढुर्ण्याच्या आमच्या चिमुकल्या चर्चकडे ते तीन वर्षांतून एकदा फिरकतात. मग अकरापासून अठरापर्यंतची सगळी पोरं एका रांगेत उभी करायची आणि दृढीकरण उरकायचं. श्रद्धा पक्की झाल्याचा शिक्का म्हणे. यंदा रांगेत माझी भाची प्रज्ञा. वय अकरा. परवापर्यंत रविवारच्या मिस्सात, भर प्रार्थनेत झोपायची. मतदानाला अठरा, लायसन्सला अठरा आणि पवित्र आत्म्याला अकरा!
बहीण सुचिता म्हणते, दादा, आता नाही तं चौदाव्या वर्षी. तवा पोरगी माझं ऐकन का?
काय हा युक्तिवाद.

५ नोव्हेंबर
बिशपना पत्र लिहायला घेतलं. विषय : योग्य वय. मुद्दे चार. शुक्रवारपर्यंत पूर्ण.

८ नोव्हेंबर
पत्राचा मायना झाला.
त्यापेक्षा पुरावाच द्यावा. फादरना म्हटलं, पोरांची परीक्षा मी घेतो. अक्कल किती ते दिसेल.

९ नोव्हेंबर
परीक्षा झाली. प्रज्ञाला तीसपैकी अठ्ठावीस. पाठांतर, दुसरं काय. वर मलाच विचारते, मामा, पवित्र आत्म्याची सात वरदानं तुम्ही सांगून पाहा. पाच सांगितली आणि चहाला गेलो. मोठ्या माणसाला पाच पुरतात.

१२ नोव्हेंबर
प्रज्ञाला धर्मपिता म्हणून मीच हवा. म्हणजे रांगेत तिच्या मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवायचा. सुचिता म्हणाली, सकाळपासून तुमचंच नाव घेऊन राहिली. तत्त्वाला मुरड घातली. नवा शर्ट शिवायला टाकला. फार बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
फादर म्हणतात, धर्मपित्याचं स्वतःचं दृढीकरण झालेलं लागतं, दाखला आणा. छत्तीस वर्षं तहसील ऑफिसात कागद अपुरा म्हणून मी लोकांचे अर्ज परत केले. आणि दाखला मला मागतात.

१६ नोव्हेंबर
फादरनी जुनं रजिस्टर काढलं. माझा बाप्तिस्मा आहे, पुढचा रकाना कोरा. शाई उडाली असेल, म्हणालो. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्हीही रांगेत या, आधी तुमचं करू, मग तिच्या मागे उभे राहा.
चौसष्टाव्या वर्षी, पोरासोरांत.

२२ नोव्हेंबर
जाणार. रांगेत पहिला. शर्टला इस्त्री केली.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
सकाळी सौंसरला जावं लागलं. अर्जंट. संत्र्याचं काम होतं.
काम नव्हतं. ही वही कोण वाचतो. अकरा वर्षांचा होतो तेव्हा मोठी पोरं सांगायची, बिशप तेल लावून गालावर चापट मारतो. माझ्या दृढीकरणाच्या दिवशी मी कापसाच्या ढिगात लपलो. आज सौंसरच्या बसस्टँडवर चार तास बसलो.
प्रज्ञा दाराकडे पाहत होती म्हणे. ऐनवेळी एका सिस्टरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.
आत्ता केक घेऊन आली. रागावली नव्हती, तेच झोंबलं. म्हणाली, मामा, काईच होत नाही, बिशप नुसतं कपाळाले तेल लावते. तुमच्या वेळी तुमच्या मागं मी उभी राहीन. फादरले विचारून आली, मागं उभं राहाले सोळा पूर्ण लागते म्हणे.
म्हणजे पुढची खेप नाही, त्याच्या पुढची. ती सतराची, मी सत्तरचा.
हो म्हणालो.