विहिरीसाठी लावलेली कर्दळ

तीर्थस्वरूप आत्या,

अमरदीपचा सविनय जयभीम. चिपळुणात तुझा गुडघा आणि तुझ्या सुजयच्या घरचा जिना यांचं जमलं का? इकडे जयगडला आम्ही खुशाल आहोत (बायकोचं, म्हणजे स्वप्नाचं, मत थोडं वेगळं आहे).

वाडीतलं सांडपाणी मुरून गेल्या वर्षी आपल्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा वास यायला लागला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. विहीर बंद झाली आणि शेजारची यमुनाबाई सत्तरीत हंडा घेऊन वर कातळाच्या सड्यावरच्या बोअरिंगपर्यंत चढायला लागली. ते काही मला बघवेना. तालुक्याच्या एका प्रशिक्षणात (जेवण चांगलं होतं) ऐकलं होतं की चर खणून त्यात जांभ्याची खडी आणि वाळू भरायची, वर कर्दळ लावायची आणि सांडपाणी त्यातून सोडायचं. मुळं बरीच घाण धरून ठेवतात. मी आठ दिवस खणलं, एका मित्राने दिलेली रोपं लावली. पानं अशी तरारली, की येईल त्याला थांबवून मी माहिती देत होतो. तिसऱ्या महिन्यात यमुनाबाईने एक पान चुरगळून हुंगलं आणि हळूच म्हणाली, "अमर, ही हळद आहे रे."

त्या पानांवर पातोळ्या थापू का, एवढंच स्वप्नाने विचारलं.

मग खरी कर्दळ लावली. त्यातली निम्मी यमुनाबाईच्याच म्हशीने खाल्ली. कुंपण घातल्यावर उरलेली मात्र जोमाने फुटली, आणि थंडीत चराच्या खालच्या तोंडाला बिनफेसाचं पाणी येऊ लागलं. आरोग्य सेविका दिशाताईंनी विहिरीच्या पाण्याचा पहिला नमुना परत पाठवला (मी तो कोकम सरबताच्या बाटलीत भरला होता). दुसरा गेल्या आठवड्यात पास झाला. धुण्याभांड्याला चालेल, पिण्यासाठी मात्र औषध टाकून पुन्हा तपासू, म्हणाल्या. यमुनाबाईने वर्षभराने विहिरीत कळशी सोडली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "वास नाही." मी जरा फणसामागे जाऊन आलो (सर्दी झाली होती).

तुझा भाचा,
अमरदीप

ता. क. खरी कर्दळ कुठून आणली ते लिहायचं राहिलं. तुझ्या बंद घराच्या परसातून. सगळी.

आणखी एक ता. क. तुझ्या न्हाणीचं पाणीही त्याच चराला जोडून ठेवलं आहे. शिमग्यानंतर निम्मी वाडी मुंबईला गेली, त्यामुळे आता सांडपाणीच कमी पडतंय आणि कर्दळ पिवळी पडायला लागली आहे. तेव्हा पावसापर्यंत तरी घरी राहायला ये. दिवसातून दोनदा आंघोळ केलीस तरी कोणी काही म्हणणार नाही.