प्रत्येक पाहुण्याने एक खेळणे

४ डिसेंबर
आजपासून रोज लिहायचं. आर्ट गॅलरीचा मॅनेजर म्हणून अकरा वर्षं नुसते खिळे ठोकले. आता संधी आली. परदेशातल्या एका निर्वासितांच्या छावणीतल्या मुलांना नाताळच्या सुट्टीसाठी खेळणी पाठवायचीत, त्यासाठी गॅलरीत एक संध्याकाळ. मालकीणबाई म्हणाल्या, कमिटी नेमू. म्हटलं, कमिटी कशाला, मी आहे ना! टार्गेट पाचशे. कमीत कमी.

६ डिसेंबर
निमंत्रण लिहिलं. शेवटची ओळ खास माझी: ‘प्रत्येक पाहुण्याने एक खेळणे घेऊन जावे.’ मेहुण्याचा छापखाना आहे. तो म्हणाला, भाऊजी, ‘घेऊन यावे’ हवं ना? त्याला समजावलं, पाहुणा घरून निघतो तेव्हा तो येत नसतो, जात असतो. आपण पाहुण्याच्या जागी उभं राहून लिहायला हवं. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. पटवून सांगितलं की लोक ऐकतात.

११ डिसेंबर
बायको शिक्षिका. तिच्या शाळेतल्या मुलांनी स्वतःची खेळणी दिली. एकशे बारा! एका मुलीने सशाला आपला लहानपणीचा स्वेटर घालून पाठवलाय. बायको म्हणाली, खेळणी जिथून परदेशी रवाना होणार त्या गोडाऊनला ही आजच पोचवून टाकू. मी म्हणालो, छे! टेबलांवर मांडू, बघून पाहुण्यांना स्फूर्ती येईल. तिने सशाचा स्वेटर नीट करून त्याला टेबलावर ठेवलं. पटलं असावं.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०
तुफान गर्दी. सगळे पोराबाळांसकट. हात मात्र रिकामे. गाडीत ठेवली असतील.

७.१०
दातांचे डॉक्टर आमच्या टेबलावरचं विमान घेऊन दाराकडे निघालेत. नातवाला दाखवत असतील.

७.२५
दाखवत नव्हते.

१५ डिसेंबर, सकाळी
कालचं लिहायलाच हवं. मी माइक हातात घेतला होता. सांगणारच होतो की घोटाळा झालाय, खेळणी परत ठेवा. समोर एक तान्ही पोर त्या सशाला कवटाळून आईच्या खांद्यावर झोपलेली. मी म्हणालो, आल्याबद्दल आभार, सावकाश जा. टाळ्या पडल्या. तिघांनी पिशव्या मागितल्या. दिल्या.
बायको ओरडली नाही. एवढंच म्हणाली, सोमवारी वर्गात काय सांगू?
निश्चय: गोडाऊनला माल नेणारा टेम्पो दुपारी चारला येणार. तोवर घरोघरी जाऊन सगळी खेळणी परत आणायची. सुरुवात डॉक्टरांपासून.

दुपारी १.१५
दवाखान्यात डॉक्टर दिसताच धीर सुटला. काय त्रास होतोय, त्यांनी विचारलं. दाढ, म्हणालो. त्यांनी पाहिलं. कीड निघाली. दोन तास गेले. जबडा बधिर आहे, बोलताच येत नाही. त्यामुळे बाकीच्यांकडे जाण्यात अर्थ नाही.

४.०५
टेम्पोवाला आला. टेबलांवर उरलेली तीन खेळणी बघून म्हणाला, साहेब, एवढ्यासाठी सायकल चालली असती. तरी मला मागे बसवून घेतलं.

५.१०, गोडाऊनमधल्या बाकावर
इथल्या क्लार्कबाई फार सभ्य. रिकामा टेम्पो बघूनही बसायला बाक दिला. पावतीवर लिहिलं: खेळणी तीन. मी जमेल तसं बोललो, ‘सुमारे’ लिहाल का? नाही म्हणाल्या.
दुकानात जाऊन आणखी घेऊन येतो म्हटलं. म्हणाल्या, आजचा माल आज जातो, साडेपाचला कुलूप. मग त्यांनी मुलांची यादी पुढे सरकवली. नऊ पानं. नाव नाही, नुसतं मुलगा की मुलगी, वय आणि काय हवंय ते. म्हणाल्या, पाठवणाऱ्यांनीच खुणा करायच्या असतात, म्हणजे तिकडे भांडणं होत नाहीत. तीन मुलं निवडा.
पहिल्याच पानावर: मुलगी, वय सहा. काहीही चालेल.
तिच्यापुढे खूण केली. खाली बघितलं. मुलगा, वय पाच. काहीही चालेल. मुलगी, वय नऊ. धाकट्या भावाला मिळालं तरी चालेल.
पहिली खूण खोडली.
पाचव्या पानावर आहे, अजून एकही खूण नाही. बाई किल्ल्या घेऊन उभ्या आहेत.